तपासणीपुरते चाक

मित्रांनो, दुरुस्तीच्या दुकानात भिंतीवर टांगलेली चाके तुम्ही पाहिली असतील. एखाद्याची हवा गेलेली असते, एखाद्याच्या तारा तुटलेल्या असतात. मीही बरीच वर्षे असाच एका खिळ्यावर होतो. मी मोटारसायकलचे पुढचे चाक. वयाने जुना, पण अंगाने नवा, कारण मी फार थोडा चाललो.

खिळ्यावर राहायला कसे वाटते, असे तुम्ही विचाराल. खरे सांगायचे तर काहीच वाटत नाही. चाकाला जे काही वाटते ते रस्त्यामुळे. खड्डा आला की दुखते, ऊन लागले की अंग तापते, ब्रेक लागला की पोटात धग येते. रस्ताच नसेल तर धूळ बसते आणि कधीतरी कुणी ती फडक्याने पुसते. एवढेच.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझी गोल कड लोखंडाची. तिला तारांनी मध्यभागाशी बांधले. तारा बांधून झाल्यावर एका बाईने लहानशा दांडीने एकेक तार वाजवून पाहिली. जिचा आवाज बोदा आला ती तिने आवळली. सगळ्या तारा एका सुरात वाजू लागल्या, तेव्हाच तिने मला पुढे सरकवले. माझ्या पोटात एक डबी आहे आणि त्या डबीत ब्रेकच्या दोन वाकड्या पट्ट्या बसतात. गाडी चालवणाऱ्याने हाताची कडी दाबली की त्या पट्ट्या फाकतात, डबीला आतून घासतात आणि मी थांबतो. मित्रांनो, ही पट्ट्यांची गोष्ट ध्यानात ठेवा. मला कोणी गाडीवरून उतरवले तर माझ्याबरोबर ब्रेकही उतरतो, आणि दुसऱ्या गाडीवर चढवले तर तिथे ब्रेकही चढतो.

माझा पहिला मालक एका कचेरीतला कारकून होता. तो सुट्टीच्या दिवशी गाडी पुसायचा आणि बाकीचे दिवस झाकून ठेवायचा. पुसण्याच्या नादात इंजिनात तेल घालायचे मात्र त्याच्या कधी ध्यानात आले नाही. एके दिवशी इंजिन जाम झाले. गाडी मिस्त्रीच्या दुकानात आली आणि तिथेच सुटी झाली. टाकी एकाने नेली, सीट दुसऱ्याने नेले, मी राहिलो. मिस्त्रीने एका गिऱ्हाइकासाठी मला नवा टायर चढवला, नव्या पट्ट्या घातल्या. ते गिऱ्हाईक परत फिरकले नाही. मिस्त्रीने मला खिळ्याला लावले.

त्या गल्लीत बहुतेकांकडे एकाच जातीच्या मोटारसायकली होत्या, त्याही बऱ्याच वापरलेल्या. अशा गाड्यांना दर वर्षी तपासणीला जावे लागे. तिथे कागद मिळे, पास किंवा नापास. नापास असेल तर कारण लिहिलेले असे आणि ते दुरुस्त करून पुन्हा जावे लागे. तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

पहिल्यांदा वायरमन नापास होऊन आला. त्याच्या पुढच्या टायरवरच्या खाचा पार झिजल्या होत्या.

"अहो, हा टायर नाही, टक्कल आहे," शेजारचा शिंपी म्हणाला.

"तू तुझी सुई बघ," वायरमन म्हणाला. "मिस्त्री, उद्या गाडी नसेल तर माझं काम बंद. काहीतरी कर बाबा."

मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिले आणि मला खाली उतरवले. "हे घाल उद्यापुरतं. पास झालास की आणून दे. मग सवडीने नवा टायर टाकू."

त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. अडलेल्या माणसाला छत्री द्यावी, तसे त्याने मला दिले.

तपासणीची जागा म्हणजे पत्र्याची लांब शेड. जमिनीवर पिवळा पट्टा, त्याच्या टोकाला जमिनीत बसवलेले दोन लोखंडी रूळ. तिथे एक तपासनीस बाई होत्या. खिशात बॅटरी, कानावर पेन्सिल. त्या कधी आवाज चढवत नसत आणि कधी घाईही करत नसत. पुढे मी तिथे इतक्या वेळा गेलो की त्यांचा क्रम मला पाठ झाला. तुम्हालाही सांगतो, कारण घरच्या गाडीजवळ उभे राहून तुम्हीही हे पाहू शकता.

गाड्या मोठ्या आजाराने क्वचितच नापास होतात. त्या नापास होतात बारीकसारीक गोष्टींनी. पायाचा ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागत नाही, हे सर्वांत नेहमीचे कारण. कारण साधे आहे, गाडीवर बसलेल्याला स्वतःची पाठ दिसत नाही. पुढचा दिवा रस्त्याऐवजी झाडाच्या शेंड्याकडे पाहत असतो. साखळी पोट सुटल्यासारखी लोंबत असते. पुढचे चाक धरून ठेवणाऱ्या नळ्यांतून तेल पाझरत असते. हँडल वळवले की आत कटकट वाजते. हॉर्न खोकल्यासारखा येतो. आणि काही जण आरसेच काढून ठेवतात, गाडी छान दिसते म्हणून.

गल्लीतला फोटोग्राफर त्यांतला. "बाई, मागे बघायला मान आहे की," तो म्हणाला.

"मान पुढे बघायला लागते," बाई म्हणाल्या आणि कागदावर नापास लिहिले.

शेवटी त्या माझ्याकडे वळत. माझ्या खाचांत एक बारीक पट्टी खुपसून खोली मोजत. मला दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे हलवत, कुठे खुळखुळ येते का ते पाहत. मग गाडी रुळांवर उभी राही, रूळ फिरू लागत आणि बाई म्हणत, "दाबा ब्रेक." मी थांबत असे. यंत्राचा काटा वर चढे. "पुढचं चाक उत्तम," असे त्या म्हणत. पहिल्या वेळी तो शब्द ऐकून मला काहीतरी वाटले होते. पुढे वाटेनासे झाले.

वायरमन पास झाला आणि गल्लीत बातमी पसरली. मग शिंपी आला, नंतर फोटोग्राफर, मग कुणाचा साडू, कुणाची भाची. ज्याची तपासणी त्याच्या गाडीला मी. लोक मला थोपटत, "आमचा हुशार विद्यार्थी" म्हणत. शिंपी तर म्हणायचा, "याला बसवलं की गाडी आंधळी असली तरी पास!"

एकदा बाईंनी माझ्या कडेवरचा एक जुना ओरखडा बॅटरीने न्याहाळला. "हे चाक मी आधी पाहिल्यासारखं वाटतंय."

"बाई, चाकं सगळी गोलच असतात," शिंपी म्हणाला. मागे उभी असलेली रांग हसली. बाई हसल्या नाहीत, पण खाच खोल होती आणि ब्रेक खरा होता. पास लिहावेच लागले.

मी शेडमध्ये असे तेव्हा त्या गाडीचे खरे चाक दुकानाच्या पायरीला टेकून बसलेले असे. गुळगुळीत, पोटातल्या पट्ट्या संपलेले. संध्याकाळी मी उतरे आणि ते पुन्हा चढे. माणूस खिशात पासचा कागद घालून त्याच टकल्या टायरवर निघून जाई. सवडीने टाकायचा नवा टायर कुणीच टाकत नसे. टाकायचा कशाला? गाडी पास होती ना! मी खिळ्यावरून सगळ्यांच्या पाठी पाहत असे. मला काही वाटत नसे.

मिस्त्रीची धाकटी बहीण त्याच गल्लीच्या वरच्या टोकाला राहायची. मोटारसायकलच्या मागे अंड्यांचे ट्रे बांधून ती दुकानांना आणि उतारावरच्या बेकरीला अंडी पोचवायची. सगळे तिला अंडीताई म्हणत. सकाळच्या पहिल्या फेरीत बेकरीची अंडी आणि शाळेत जाणारी मुलगी, मग बाकीच्या दुकानांची अंडी. नवरा नव्हता, त्या गाडीवरच मायलेकींचे घर चालत होते.

तिची गाडी नापास झाली. मागचा दिवा, पुढचा टायर, पुढचा ब्रेक. बेकरीच्या मालकाने आधीच बजावले होते की पासचा कागद नसेल तर तो अंडी दुसरीकडून घेईल.

"वन्सं, या गाडीवर तुमची अंडी शाबूत पोचतात तरी कशी हो?" मिस्त्रीच्या बायकोने विचारले.

"वहिनी, मी ब्रेकवर भरवसाच ठेवत नाही ना! वरच्या वळणापासूनच गाडी बैलासारखी हळू आणते. बेकरी येईपर्यंत ती आपोआप थांबते."

"आणि आपोआप नाही थांबली तर?"

"तर बेकरीत ऑम्लेट!"

दोघी हसल्या. मिस्त्रीही हसला. त्याने मागच्या दिव्याची तार जोडली, मला खिळ्यावरून काढले आणि तिच्या गाडीला लावले.

ती पास झाली. परत येताना तिने माझा ब्रेक उतारावर एकदा दाबून पाहिला, मग पुन्हा एकदा. दुकानात शिरली तीच मोठ्याने बोलत. "दादा, अरे, ब्रेक असा असतो होय? मला माहीतच नव्हतं! बोट लावलं की थांबतेय. हे चाक राहू दे ना माझ्याकडे."

"उद्या शिंप्याला लागणार आहे गं. तुला नवा टायर टाकतो, पट्ट्याही टाकतो. जरा हातातली कामं संपू देत."

"विसरशील."

"बहिणीला विसरेन का?"

त्याने मला उतरवले आणि तिचे जुने चाक चढवले. शिंपी दुसऱ्या दिवशी पास झाला. मिस्त्रीच्या हातातली कामे संपली नाहीत, ती कधी संपतच नसतात. बहीणही आठवण करून द्यायला विसरली, कारण कागद मिळाला होता, बेकरी हातची गेली नव्हती. एक गोष्ट मात्र बदलली आणि ती कुणाच्याच नजरेला आली नाही. पूर्वी ती वरच्या वळणापासून हळू यायची. आता येईनाशी झाली. तिच्या हाताला माझी चव कळली होती, आणि गाडीला चाक मात्र जुनेच होते.

त्या सकाळी बेकरीसमोरची फरशी नुकतीच धुतली होती. मुलगी मागे बसलेली, तिच्यामागे अंड्यांचे ट्रे. आडव्या बोळातून एक हातगाडी बाहेर आली. अंडीताईने बोट लावले. काही झाले नाही. तिने कडी पूर्ण आवळली, पायही दाबला. तेव्हा पुढचा गुळगुळीत टायर ओल्या फरशीवर सरकला आणि गाडी आडवी झाली. मुलीचा गुडघा सोलवटला. आईचे उजवे मनगट मोडले. अंडी उतारावरून वाहत खालपर्यंत गेली. त्यावर कुणीही विनोद केला नाही.

हे मी पाहिले नाही, मी तिथे नव्हतोच. मला ते दुकानात आलेल्या माणसांच्या बोलण्यातून कळले. दुपारी गाडी टेंपोतून आली आणि बरोबर माझ्या खिळ्याखाली टेकवली गेली. हँडल वाकलेले. ते गुळगुळीत चाक वर पाहत होते, मी खाली पाहत होतो. मित्रांनो, मला त्या वेळी काय वाटले ते मला अजून सांगता येत नाही. रबर गार पडले की कडक होते, तसे काहीसे.

काही दिवसांनी अंडीताई दुकानात आली. हात गळ्यात अडकवलेला. मिस्त्रीच्या बायकोने स्टूल पुसून दिले, पाणी दिले. बहिणीने गाडीकडे पाहिले आणि विचारले, "दादा, मी पास झाले होते ना रे?"

"हो," मिस्त्री म्हणाला.

"मग?"

मिस्त्री पान्ह्यावरचे तेल पुसत राहिला. ते केव्हाच पुसले गेले होते.

"हात बरा होईल, पण पकड पूर्वीसारखी येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणतात," ती म्हणाली. "पकड नसेल तर मी गाडी कशी चालवू? बेकरीवाला थांबेल का माझ्यासाठी?" हे सगळे ती दुसऱ्याच कुणाबद्दल सांगत असल्यासारखी बोलली. रडली नाही. भावानेही समजूत काढली नाही. ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने इतर सगळी कामे बाजूला ठेवली. हँडल सरळ केले, नळ्या बदलल्या. मग मला खिळ्यावरून उतरवून तिच्या गाडीत घातले आणि नट आवळू लागला. तेवढ्यात फोटोग्राफर आला. तो बाहेरगावी गेला होता, त्याला काही ठाऊक नव्हते.

"मिस्त्री, उद्या माझी तपासणी आहे. आपलं ते चाक..."

"ते गेलं."

"गेलं? अहो, हे काय तुमच्या हातात!"

"हे बहिणीच्या गाडीचं चाक आहे."

"मग माझं कसं? मी नापास होईन की!"

"हो नापास."

फोटोग्राफर हसला. मिस्त्री हसत नाही असे पाहून थांबला. "असं काय बोलता? मी तुमचं जुनं गिऱ्हाईक आहे."

"म्हणून तर म्हणतो. नापास हो, कागद घेऊन ये. जे लिहिलं असेल ते दुरुस्त करू."

फोटोग्राफर नापास झाला. त्याच्यामागून वायरमनही झाला. गल्लीत मिस्त्रीचे डोके फिरले अशी बोलवा उठली. काही जण दुसऱ्या दुकानात जाऊ लागले. काही मात्र तोंड वाकडे करत का होईना, नवे टायर घालून गेले. शिंपी तर मिस्त्रीसमोर नाक फुगवून म्हणाला, "टाका एकदाचा नवा. तुमच्याशी कोण वाद घालणार!"

अंडी आता मिस्त्री पोचवू लागला. दुकान उघडण्याआधी तो बहिणीच्या गाडीवर भाचीला बसवायचा, ट्रे बांधायचा. पहिल्या दिवशी तो पूर्ण उतार इतका हळू उतरला की बेकरीवाला दारातून ओरडला, "अहो मिस्त्री, अंडी आणताय की उबवताय?" मिस्त्रीने ट्रे उतरवले आणि तो शाळेकडे निघाला. बेकरीवाल्याने अंडी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. तो थांबला होता.

शाळेच्या फाटकापाशी भाचीने विचारले, "मामा, हे चाक पास आहे का?"

मामा उकिडवा बसला. "तूच बघ. या खाचेत नख घाल. बुडतंय?"

"बुडतंय."

"बुडायचं थांबलं की मला सांगायचं. आणि हवा रोज बघायची. असं दाबून."

त्या लहान बोटाचा दाब मला कळला. खूप दिवसांनी मला काहीतरी कळले.

अंडीताईचे प्लास्टर निघाले. ती रबरी चेंडू दाबत बसायची, जेवतानासुद्धा. एके दिवशी ती दुकानात येऊन गाडीवर बसली. "दे किल्ली."

"आधी ब्रेक दाबून धर," मिस्त्री म्हणाला आणि मागे जाऊन गाडी ढकलू लागला. माझ्या पोटातल्या पट्ट्या क्षणभर घासल्या आणि सुटल्या. मी फिरलो. गाडी पुढे गेली.

"अजून नाही."

"आता मलाही नापास करतोस?"

"हो."

ती इतकी चिडली की बरेच दिवस दुकानाकडे फिरकली नाही. मिस्त्री अंडी पोचवत राहिला. मग एका सकाळी ती आली, गाडीवर बसली आणि तिने हात कडीवर ठेवला. मिस्त्री मागे गेला. त्याने ढकलले. मग खांदा लावला. मग पाय जमिनीला रोवून, दात आवळून ढकलले. तिच्या बोटांची नखे पांढरी पडली होती, पण पट्ट्या सुटल्या नाहीत. मी जागचा हललो नाही.

मिस्त्री ढकलायचा थांबला आणि तिथेच, तेलाच्या डागांवर, खाली बसला. बहिणीने मागे वळून पाहिले.

"ऊठ, दादा. ट्रे बांध. उशीर होतोय."

त्या दिवसापासून मी तिच्याबरोबर चालतो आहे. पुढच्या वर्षी तपासणी झाली तेव्हा मागचा लाल दिवा पुन्हा लागला नाही, आणि बाईंनी नापास लिहिले. अंडीताई गाडी हाताने ढकलत दुकानात आली, कागद पुढे केला. मिस्त्रीने तो नीट वाचला, तार बदलली आणि दिवा लागतो का ते पाहायला भाचीला मागे उभे केले. "लागला!" ती ओरडली. मग सगळे पुन्हा शेडमध्ये गेले.

मित्रांनो, मी आता झिजतो आहे. उन्हात तापतो, खड्ड्यात दुखतो. माझ्या खाचा पूर्वीइतक्या खोल राहिलेल्या नाहीत आणि त्याचे मला काही वाईट वाटत नाही. तुमच्या घरी अशी गाडी असेल तर तिच्याजवळ बसा. खाचेत नख घाला, हवा दाबून पाहा, आई किंवा बाबा ब्रेक दाबतील तेव्हा मागे उभे राहून दिवा लागतो का ते सांगा. त्यांना त्यांची पाठ दिसत नाही, तुम्हाला दिसते. आणि ज्या दिवशी माझ्या खाचेत नख बुडणार नाही, त्या दिवशी माझ्यावर दया करू नका, माझी जुनी सेवा आठवू नका. मला नापास करा.